वीतभर जमीन

आमच्या सोसायटीचा वॉचमन नेपाळचा. काही वर्षांपूर्वी तो गावी गेला आणि परत येताना बायकोला आणि बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. गेटजवळच्या दहा बाय दहाच्या खोलीत तिघांचा संसार लागला. मुलीला जवळच्या शाळेत घातलं, पण मराठी येत नाही म्हणून दोन इयत्ता मागे बसवलं. आपल्याहून लहान मुलांमध्ये, शेवटच्या बाकावर ती मान खाली घालून बसायची, असं तिची आई सांगायची.

आम्ही सात-आठ जणी मिळून आमच्या भागात वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. मी मोठ्या हौसेने तिला तिथे घेऊन गेले. पाटी-पेन्सिल दिली, अ आ इ ई पासून सुरुवात केली. माझ्या मुलीचे लहान झालेले ड्रेस इस्त्री करून दिले. घरी शिरा झाला की डबा भरून नेला. ती सगळं घ्यायची. मान हलवायची. बोलायची मात्र अक्षरही नाही. पंधरा दिवसांनी ती यायचीच बंद झाली.

खरं सांगते, मला राग आला. एवढं करायचं आणि समोरून साधं हसूही नाही! संध्याकाळी कणीक मळताना मी घरात धुसफुसत होते. सासूबाई देवापुढे वाती वळत बसल्या होत्या. त्या मान वर न करता एवढंच म्हणाल्या की तू तिला पाहुणी म्हणूनच वागवतेस, पाहुणीला घर आपलं कसं वाटेल? तिला एखादं काम सांगून बघ.

तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. पण त्याच आठवड्यात माळ्यावरची पुस्तकं काढताना बी.ए.च्या दिवसांत रद्दीवाल्याकडून घेतलेलं एक पुस्तक हाती लागलं. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट हिचं ‘द सीक्रेट गार्डन’. कॉलेजात असताना मी ते लहान मुलांची गोष्ट म्हणून वाचून टाकलं होतं. या वेळी दोन दुपारी बसून पुन्हा वाचलं आणि मग ही बाई होती तरी कोण, म्हणून तिच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले. मैत्रिणींनो, आज तिचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. मोठ्या लेखिकेला अहोजाहो करायला हवं, पण माझ्या डोळ्यांपुढे ती कायम पंधरा वर्षांची मुलगीच येते, म्हणून मी आपली अगंतुगंच करते.

फ्रान्सिसचा जन्म २४ नोव्हेंबर १८४९ चा, इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा. वडिलांचं घरसामानाचं दुकान होतं, झुंबरं, कुलपं, कड्या असल्या वस्तूंचं. खाऊनपिऊन सुखी घर. ती चार वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा वडील गेले. मागे पाच मुलं, दोन मुलगे आणि तीन मुली. तिची आई एलायझा रडत बसली नाही, दुकानाच्या गल्ल्यावर जाऊन बसली. १८५३ साली एका विधवा बाईने व्यापारपेठेत दुकान चालवायचं, म्हणजे कल्पना करा.

पैसा आटला तसं बागा असलेलं घर सुटलं आणि ही मंडळी गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या वस्तीजवळ राहायला आली. आजूबाजूला गिरणी कामगारांच्या गल्ल्या. त्या मुलांशी बोलायचं नाही, त्यांची भाषा उचलायची नाही, असा घरचा दंडक. फ्रान्सिसला मात्र ती लँकेशायरची रांगडी बोली फार आवडायची. ती गुपचूप ऐकायची आणि पाठ करायची. कागद मिळत नसे, म्हणून हिशेबाच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या जागांत गोष्टी लिहायची. घराजवळ एक उंच भिंत होती आणि भिंतीला कायम बंद असलेलं एक छोटं हिरवं दार. एक दिवस ते दार उघडं सापडलं. आत होतं काय, तर कचरा आणि रान माजलेलं. पण ही पोरगी तिथे उभी राहून त्या रानाच्या जागी गुलाब आहेत असं मनाशी खेळत राहिली. हे दार लक्षात ठेवा, पुढे पन्नासेक वर्षांनी ते पुन्हा उघडणार आहे.

आता या गोष्टीत आपला एक धागा येतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांतून मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस जायचा, तो अडकला. गिरण्या बंद पडल्या, हजारो घरांच्या चुली विझल्या. कापूस आणायचा कुठून, तर हिंदुस्थानातून! वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून भराभर निघाला. भाव असे चढले की मुंबईत पैशाचा पूर आला. शेअर्सचा सट्टा सुरू झाला, समुद्रात भर घालणाऱ्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो फुगा फुटला. मुंबईचे कित्येक धनाढ्य एका रात्रीत रस्त्यावर आले, हे आपण इतिहासात वाचलेलं असतं. पण त्याच कापसापायी मँचेस्टरमध्ये एका विधवा बाईचं दुकान गिऱ्हाईकाअभावी बसलं आणि त्याच १८६५ साली ती पाच मुलांना घेऊन देश सोडून निघाली, हे कुठे ठाऊक असतं? तीन खंडांतल्या माणसांची नशिबं एका कापसाच्या बोंडाला बांधलेली होती.

एलायझाचा भाऊ अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल गावात दुकान चालवत होता. या, इथे मुलांना काम मिळेल, असं त्याने कळवलं. घरातलं सामान विकून, अटलांटिक महासागर ओलांडून मंडळी पोचली, तोवर युद्ध संपून मामाचाही धंदा घसरणीला लागला होता. राहायला मिळालं ते न्यू मार्केट नावाच्या खेड्यातलं लाकडी ओंडक्यांचं घर. पंधरा वर्षांची फ्रान्सिस. कालपर्यंत फरसबंद रस्ते आणि गिरणीचे भोंगे, आज चहूकडे जंगल. इंग्रजी तीच, पण बोलण्याची ढब वेगळी. कपडे इंग्लंडच्या चालीचे, तेही विटत चाललेले. युद्धात होरपळलेल्या त्या मुलखात या इंग्रज कुटुंबाकडे लोक कुतूहलाने बघायचे. भाऊ कामाला लागले, पण पुरेसं येत नव्हतं.

अशा वेळी मुलगी काय करते? फ्रान्सिसने शिकवण्या घेऊन पाहिल्या. कोंबड्या पाळून पाहिल्या. भरतकाम करून पाहिलं. काही केल्या जम बसेना. मग तिने ठरवलं की आपल्याला येतं ते एकच, गोष्टी रचणं, तर त्याच विकायच्या. पण मासिकाकडे गोष्ट पाठवायची तर चांगला कागद हवा, जायची-यायची तिकिटं हवीत. त्याला पैसे कुठून आणणार? तिने रानातली जंगली द्राक्षं तोडली आणि ती विकून कागद नि तिकिटं घेतली. सोबतच्या पत्रात तिने आडपडदा न ठेवता लिहिलं की मला मानधन हवं आहे, त्यासाठीच पाठवते आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीचा हा रोखठोकपणा मला भारी आवडला. आपण अजूनही कामाचे पैसे मागताना किती चाचरतो!

गोष्ट ‘गोडीज लेडीज बुक’ या बायकांच्या प्रसिद्ध मासिकाकडे गेली. संपादकांना शंका आली. पत्ता टेनेसीच्या रानातला आणि गोष्ट मात्र अस्सल इंग्लंडची, ही चोरली तर नाही? त्यांनी खात्रीसाठी दुसरी गोष्ट मागवली. तिने ती झटक्यात लिहून पाठवली. दोन्ही स्वीकारल्या गेल्या, दोन्हींचे मिळून पस्तीस डॉलर आले. साल होतं १८६८. जे बोलणं, जो गाव मागे सोडून आलो त्याचं ओझं न करता तिने त्याचीच शिदोरी केली. गिरणीवाल्या गल्ल्यांमधून चोरून ऐकलेली ती बोली पुढे तिच्या पहिल्या गाजलेल्या कादंबरीत आली. घरात ज्या बोलीला बंदी होती, तिनेच तिला नाव मिळवून दिलं.

१८७० मध्ये आई गेली. आता सगळ्या घराची मदार फ्रान्सिसच्या लेखणीवर. ती मासिकांना गोष्टींमागून गोष्टी देत राहिली. १८७३ साली तिने शेजारच्या स्वॉन बर्नेटशी लग्न केलं. तो पायाने अधू, हुशार, डॉक्टर झालेला. त्याला डोळ्यांच्या विकारांचं पुढचं शिक्षण पॅरिसला जाऊन घ्यायचं होतं. खर्च कोणी केला? बायकोने. मासिकाकडून आगाऊ पैसे घेऊन, दर महिन्याला कथा पाठवायच्या बोलीवर. मोठा मुलगा लायनेल १८७४ चा, धाकटा व्हिव्हियन १८७६ साली पॅरिसमध्येच जन्मलेला. तान्हं मूल मांडीवर, दुसरं पदराला लोंबकळतंय आणि ही लिहिते आहे. पॅरिसच्या थंडीतलं ते चित्र मला परकं वाटत नाही. आपल्याकडच्या कितीतरी जणींनी असंच कुणाच्या तरी शिक्षणासाठी शिवणयंत्र चालवलेलं असतं.

१८८६ साली तिचं ‘लिटिल लॉर्ड फॉन्टलरॉय’ आलं आणि ती रातोरात जगप्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कमध्ये वाढलेला साधा मुलगा एकदम इंग्लंडच्या सरदाराचा वारस निघतो आणि त्या खडूस आजोबांच्या वाड्यात राहायला जातो, अशी ती गोष्ट. तिच्या पुस्तकांकडे नीट पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. तिच्या सगळ्यात गाजलेल्या तिन्ही पुस्तकांत एका लेकराला उपटून दुसऱ्या देशात लावलेलं आहे. सेड्रिक अमेरिकेतून इंग्लंडला जातो. ‘अ लिटिल प्रिन्सेस’मधली सारा हिंदुस्थानातून लंडनच्या बोर्डिंग शाळेत येते. ‘सीक्रेट गार्डन’मधली मेरी हिंदुस्थानातून यॉर्कशायरला येते. पंधराव्या वर्षी बोटीवर चढलेली मुलगी आयुष्यभर तीच एक गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत होती.

फॉन्टलरॉयचं नाटक तिला न विचारताच लंडनमध्ये कुणीतरी रंगभूमीवर आणलं. तेव्हाच्या कायद्यात कादंबरीवरून नाटक करायला लेखकाची परवानगी लागत नसे. फ्रान्सिस कोर्टात गेली आणि १८८८ मध्ये खटला जिंकली. इंग्लंडच्या लेखकांनी तिचा सत्कार केला. पुढे १९११ च्या कायद्याने लेखकाचा हा हक्क पक्का केला. द्राक्षं विकून तिकिटं आणणाऱ्या मुलीने आपल्या मेहनतीची किंमत कधी सोडली नाही.

पण सगळंच सोन्याचं नव्हतं. कामासाठी, प्रकृतीसाठी, हौसेसाठीही ती सारखी इंग्लंड-अमेरिका करत राहिली. तीसहून जास्त वेळा तिने अटलांटिक ओलांडला म्हणतात. मुलं अमेरिकेत वडिलांजवळ आणि आई साता समुद्रापलीकडे, असं महिनोन् महिने चालायचं. अशातच १८९० मध्ये लायनेलला क्षय झाल्याचं कळलं. ती धावत आली. त्याला घेऊन युरोपभर हिंडली, डॉक्टर झाले, हवापालट झाली. तू मरणार आहेस हे तिने त्याला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. डिसेंबर १८९० मध्ये, पॅरिसला, सोळा वर्षांचा लायनेल गेला. जगातल्या पोरांना गोष्टी सांगून रिझवणारी आई, आणि तिचंच लेकरू परक्या देशातल्या मातीत ठेवावं लागलं.

त्यानंतर तिने लंडनच्या ड्रुरी लेन भागातल्या गरीब मुलांच्या क्लबसाठी लायनेलच्या आठवणीत वाचनाची खोली करून दिली. समाजकार्य करणाऱ्या आम्हा बायकांना हे नीट कळतं. अभ्यासिकेतल्या आमच्यापैकी दोघी-तिघी तरी अशाच एखाद्या पोकळीतून इथवर आलेल्या आहेत. त्याबद्दल कुणी बोलत नाही, वह्या तपासतात.

१८९८ साली नवऱ्याशी घटस्फोट झाला. वर्तमानपत्रांनी तोंडसुख घेतलं. दुसरं लग्न केलं, तेही दोन वर्षांत मोडलं. घटस्फोटाच्या त्याच वर्षी तिने इंग्लंडच्या केंट परगण्यात ग्रेट मेथम हॉल नावाचा मोठा वाडा भाड्याने घेतला होता. त्या वाड्यामागे भिंतींनी वेढलेली एक ओसाड बाग होती, वेली माजलेल्या, वाट हरवलेली. तिने ती साफ करून घेतली, गुलाब लावले आणि तिथेच टेबल टाकून लिहू लागली. एक रॉबिन पक्षी इतका सलगीला आला की तिच्या हातून दाणे टिपायचा. मँचेस्टरच्या भिंतीतलं हिरवं दार एकदाचं उघडलं होतं.

आणि ही बागही सुटली! १९०७ च्या सुमारास वाडा विकला गेला, तो भाड्याचाच होता. फ्रान्सिस अमेरिकेत परतली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर घर बांधलं आणि तिथे बसून हातून गेलेल्या त्या बागेची गोष्ट लिहिली. १९११ साली ‘द सीक्रेट गार्डन’ पुस्तकरूपाने आलं.

मेरी लेनॉक्स ही त्यातली नायिका. चांगली दहा वर्षांची घोडी, पण स्वतःचे बूटही घालता न येणारी. हिंदुस्थानात साहेबाच्या बंगल्यात आया तिला कपडे घालायची, भरवायची आणि तिच्या शिव्या नि चापटाही खायची. पटकीची साथ येते. आई, वडील, आया, सगळे जातात. मेरीला यॉर्कशायरमध्ये काकांच्या शंभर खोल्यांच्या वाड्यात पाठवतात. तिथे तिची कुणाला दया येत नाही, असं नाही. पण मार्था नावाची खेडवळ मोलकरीण तिला पहिल्याच दिवशी आश्चर्याने विचारते की तुला स्वतःचे कपडे घालता येत नाहीत? मार्थाची आई बारा पोरांच्या संसारातून चार पैसे काढून तिला दोरीवरच्या उड्यांची दोरी पाठवते, खेळ, बाहेर पड, म्हणून. मार्थाचा भाऊ डिकन तिला कुदळ आणि बिया आणून देतो. आणि काकांपुढे उभी राहिल्यावर, काय हवं ते माग म्हटल्यावर, ती खेळणी मागत नाही, बाहुली मागत नाही. झाडं लावायला वीतभर जमीन मागते.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. सासूबाईंचं वाक्य आठवलं. मी त्या मुलीला ड्रेस दिले, शिरा दिला, वह्या दिल्या. सगळं देण्याची जागा मी माझ्याकडे ठेवली होती आणि तिच्यासाठी उरली होती ती फक्त घेण्याची जागा. आपलं म्हणून जिची काळजी घ्यावी अशी एकही गोष्ट त्या पोरीजवळ नव्हती. फ्रान्सिसला टेनेसीमध्ये कुणी कागद नि तिकिटं दान केली असती, तर ती लेखिका झाली असती की नाही कोण जाणे. द्राक्षं तिने तोडली होती, म्हणून ती गोष्ट तिची होती.

आणखी एक गोष्ट मेरी करते. ती डिकनची यॉर्कशायरची बोली हौसेने शिकते. तिला कुणी सक्ती करत नाही. बागेत काम करता करता, सोबत्यांशी बोलावंसं वाटतं म्हणून ती शिकते. ‘अ लिटिल प्रिन्सेस’मध्ये याची दुसरी बाजू आहे. वडील वारल्यावर बोर्डिंगच्या बाईंनी माळ्यावरच्या खोलीत टाकलेली सारा एका संध्याकाळी शेजारच्या घराच्या छपरावर एका हिंदी नोकराला बघते. त्याचं नाव रामदास. त्याचं माकड पळून तिच्या खोलीत येतं. ती त्याच्याशी हिंदुस्थानीत बोलते आणि त्याचा चेहरा उजळतो. पुढे तिची उपासमार, तिची थंडी पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येते, तर या रामदासच्या. परक्या मुलखात माणसाला आधी ओळखतो तो दुसरा परकाच.

आता एक खटकणारी गोष्टही सांगायलाच हवी. फ्रान्सिस हिंदुस्थानात कधी आली नाही. तिच्या पुस्तकातला आपला देश म्हणजे उकाडा, रोगराई आणि सलाम करणारे नोकर. इथे मूल पिवळं पडतं आणि इंग्लंडच्या हवेत गालांवर लाली चढते, असं तिचं गणित. मेरीने जिला चापटा मारल्या ती आया साथीत मरते. तिला नाव नाही. तिच्यासाठी मेरी रडत नाही, लेखिकाही थांबत नाही. कॉलेजात असताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. या वेळी मात्र वाटलं की त्या आयाचंही घर असेल, कुठल्यातरी गावात तिचंही लेकरू असेल, जे सोडून ती दुसऱ्याच्या मुलीला भरवत होती. तिने वीतभर जमीन कुणाकडे मागायची? विस्थापित पोरांचं दुःख इतक्या जवळून जाणणाऱ्या बाईलाही हे दिसलं नाही. आणि मग मलाच विचारावंसं वाटलं, माझ्या गेटवरच्या खोलीतलं मला तरी काय दिसलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीकडे गेले. हातात डबा नव्हता. आमच्या इमारतीमागे पाण्याच्या टाकीजवळ कंपाउंडला लागून एक पट्टा रिकामा पडलेला आहे. तो दाखवून, मोडक्यातोडक्या हिंदीत तिला म्हटलं की इथे काही लावता येईल का, मला यातलं कळत नाही. ती खाली बसली. मूठभर माती घेतली, चोळली आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलली. ही माती खराब आहे, यात सिमेंट आहे, असं तिने मला ठणकावून सांगितलं!

मग तिने आणि तिच्या आईने आठ दिवस राडारोडा वेचला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून थोडी कुरकुर झाली, ती मी निस्तरली. गावाहून कुणी येणार होतं, त्याच्याबरोबर तिने बिया मागवल्या. रायो म्हणतात त्यांच्याकडे, मोहरीच्या जातीची रुंद पानांची भाजी. थंडीत ती अशी तरारून आली की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूही गॅलरीतून बघायला लागल्या. पहिली जुडी तिने मला आणून दिली. मी आपली सवयीने दाण्याचं कूट घालून केली. तिला चव दाखवली तर पोट धरून हसली आणि ती कशी करायची हे तिने मला शिकवलं.

त्या दिवशी भाजीची जुडी ज्या कागदात गुंडाळून आणली होती, त्यावर तिच्या हातचं काहीतरी लिहिलेलं होतं. सुंदर, वळणदार देवनागरी अक्षर! नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात. ती गावी पाचवीपर्यंत शिकलेली होती. मी पंधरा दिवस तिला अ आ इ ई गिरवायला लावत होते आणि ती निमूटपणे गिरवत होती. तिला लिपी येत होती, फक्त शब्द परके होते. आणि मी तिला साधं विचारलंसुद्धा नव्हतं की तुला काय येतं? मला इतकी लाज वाटली की काय सांगू. मदत करायच्या गडबडीत आपण समोरच्याला किती सहज अडाणी ठरवून टाकतो!

ती अभ्यासिकेत परत आली, पण पाटीवर गिरवायला नाही. लहान मुलांना भाज्यांची नावं लिहायला शिकवायला. मराठी ती त्या पोरांकडून शिकली, भांडणासकट.

फ्रान्सिस बर्नेट २९ ऑक्टोबर १९२४ रोजी लाँग आयलंडच्या घरी वारली. तेव्हा लोक तिला फॉन्टलरॉयची लेखिका म्हणूनच ओळखत होते. ‘सीक्रेट गार्डन’ची फारशी कुणी आठवण काढली नाही. ते पुस्तक हळूहळू, मुलांच्या हातांतूनच वाढत गेलं आणि आज तिचं नाव घेतलं की तेच आठवतं. जमिनीत घातलेलं सगळंच लगेच दिसत नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या बागेत १९३६ साली तिच्या आठवणीसाठी एक छोटं शिल्प-कारंजं उभारलं. बासरी वाजवणारा मुलगा आणि हातात पाण्याचं भांडं घेतलेली मुलगी. परदेशातून आलेल्या त्या पंधरा वर्षांच्या पोरीला, शेवटी तिथे वीतभर जमीन मिळाली.

आमची मुलगी अडीच वर्षं इथे राहिली. मग वडिलांना दुसरीकडे काम लागलं आणि मंडळी गेली. रुजवलेलं पुन्हा उपटलं गेलं. याचं मला वाईट वाटलं आणि त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता. निघताना ती धावत वर आली, माझ्या हातात बियांची पुडी ठेवली आणि जिना उतरून गेलीसुद्धा. पुडीवर तिने मराठीत लिहिलं होतं की गणपती गेल्यावर लावा. गणपतीतली वेलांटी चुकली होती. दर वर्षी गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की मी ती पुडी काढते, पट्टा साफ करते आणि बिया लावते. वेलांटी मी अजून दुरुस्त केलेली नाही.